‘माझा तसा हेतू नव्हता’ एवढे म्हटल्याने शब्दाचा दोष जातो का?

अनुस्वार (प्रश्न)

गेल्या महिन्यात कामाच्या ठिकाणी घडलेला एक प्रसंग अजून मनातून जात नाही, म्हणून येथील जाणकारांपुढे तो मांडते आहे. एका अहवालाच्या मसुद्यावर बैठक चालू होती. मसुदा फार विसकळीत होता, मुदत तोंडावर आली होती, आणि वैतागाच्या भरात मी म्हणाले, "हे एखाद्या मतिमंद माणसाने लिहिल्यासारखे वाटते." मसुदा लिहिणारी व्यक्ती त्या बैठकीत नव्हती. दोघेतिघे हसले आणि चर्चा पुढे गेली. एक ज्येष्ठ सहकारी मात्र त्यानंतर बैठक संपेपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला बाजूला बोलावून सांगितले की त्यांच्या धाकट्या भावाला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे आणि माझे वाक्य त्यांना फार लागले. मी लगेच म्हणाले की माझा तसा हेतू मुळीच नव्हता, तुमच्या भावाविषयी मला काही माहीतही नव्हते. त्यावर ते इतकेच म्हणाले, "तुमच्या हेतूविषयी मी काही म्हणतच नाही. मी शब्दाविषयी बोलतो आहे."

माझे काम संपादनाचे आहे, त्यामुळे हे उत्तर मला सोडून देता आले नाही. हाच शब्द कित्येक वर्षे संस्थांच्या पाट्यांवर होता, वैद्यकीय प्रमाणपत्रांत होता, शासकीय कागदपत्रांत होता. तेथे तो कोणाला अपमान म्हणून लिहिलेला नव्हता. मग दोष शब्दात आहे असे कसे म्हणावे? उलट, दोष हेतूत असतो असे धरले, तर माझा हेतू कोणाचाही अपमान करण्याचा नव्हता, फार तर एका मसुद्याला नावे ठेवण्याचा होता. म्हणजे शब्द निर्दोष आणि हेतूही निर्दोष, तरीही एक माणूस दिवसभर दुखावलेला बसून राहिला. हा अपमान आला तरी कोठून?

मला क्षमा मागायची आहे. पण नेमकी कशाची क्षमा मागते आहे हे स्वतःला उमगल्याशिवाय मागितली, तर ती निव्वळ औपचारिकता होईल अशी भीती वाटते. म्हणून विचारते: भाषेला अपमानकारक कोण करते, बोलणाऱ्याचा हेतू की तो शब्दच?

---

रानजाई

आपण प्रश्न प्रामाणिकपणे मांडला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट अशी की ‘हेतू की शब्द’ या दोन पर्यायांत एक तिसरी बाजू हरवते. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व्याख्याने त्यांच्या निधनानंतर, 1962 मध्ये, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत त्यांनी प्रत्येक बोलण्याचे तीन पदर वेगळे करून दाखवले आहेत. एक, आपण उच्चारलेले अर्थपूर्ण शब्द. दोन, ते उच्चारताना आपण केलेली कृती, म्हणजे वचन देणे, ताकीद देणे, हिणवणे. आणि तीन, त्या बोलण्याचा ऐकणाऱ्यावर झालेला परिणाम. आपण ज्याला हेतू म्हणता तो प्रामुख्याने मधल्या पदराशी बांधलेला असतो. परंतु मधली कृतीसुद्धा एकट्या हेतूने ठरत नाही, तिला समाजाने मान्य केलेले संकेत लागतात. ‘मी वचन देतो’ असे म्हटल्यावर ‘मनात वचन द्यायचे नव्हते’ असे सांगून कोणी सुटत नाही. शब्द उच्चारला की वचन दिले गेले. हिणवण्याचेही पुष्कळ अंशी तसेच आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती आपल्याकडच्या फार जुन्या ग्रंथात आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील तिसऱ्या अधिकरणात ‘वाक्पारुष्य’, म्हणजे बोलण्याने केलेला अपमान, या अपराधावर स्वतंत्र प्रकरण आहे. कोणाच्या शारीरिक व्यंगावरून त्याला काणा, लंगडा असे हिणवले आणि ते व्यंग खरोखर असले, तर तीन पण (‘पण’ हे त्या काळचे नाणे) दंड. ते व्यंग नसतानाच तसे म्हटले, तर सहा पण. आणि काण्या माणसाला ‘वा, काय सुंदर डोळे!’ असे म्हणून स्तुतीच्या आवरणाखाली निंदा केली, तर बारा पण. ही चढण पाहण्यासारखी आहे. पहिल्या पायरीवर शब्द अगदी खरा आहे, तरी दंड आहे. म्हणजे ‘मी वस्तुस्थितीच सांगितली’ हा बचाव तेथे चालत नाही. शेवटच्या पायरीवर एकही शब्द वाईट नाही, सगळे शब्द गौरवाचे आहेत, आणि दंड मात्र सर्वांत जास्त आहे, कारण तेथे दुखावण्याचा हेतू आणि त्यासाठी योजलेले कसब दोन्ही उघड आहेत.

आता आपल्या प्रश्नाला थेट भिडणारे कलम पाहा. हाच अपराध प्रमाद, मद किंवा मोह यांमुळे, म्हणजे अनवधानाने, नशेत किंवा भ्रमात घडला, तर दंड निम्मा होतो. तो माफ होत नाही. हेतू नसणे ही गोष्ट दोष हलका करते, पण काही घडलेच नाही असे ती म्हणू देत नाही. हेतू नव्हता म्हणून आपला दोष कमी आहे हे मी मान्य करते, आणि आपले सहकारी जे म्हणाले तेही मला पूर्ण मान्य आहे. उरलेल्या अर्ध्या दोषाविषयी ते बोलत होते.

---

उंबरठा

रानजाई यांनी दिलेला दाखला सुरेख आहे, पण त्यातून निघालेला निष्कर्ष मला पुरता पटत नाही, आणि का ते सांगणे मला आवश्यक वाटते, कारण शब्दाला दोषी ठरवण्याची सवय लागली की ती फार दूरवर नेते.

शब्दाला स्वतःचा असा स्वभाव नसतो, याचे पुरावे आपल्याच भाषांत जागोजागी पडले आहेत. ‘देवानांप्रिय’ ही सम्राट अशोकाची बिरुदावली होती; शिलालेखांत तो स्वतःचा उल्लेख अभिमानाने तसा करतो. पुढच्या काळातील संस्कृत व्याकरणकारांनी त्याच समासाचा अर्थ ‘मूर्ख’ असा नोंदवून ठेवला. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पाषंड’ म्हणजे कोणताही धर्मपंथ, आणि सर्व पाषंडांचा आदर करावा असा त्याचा उपदेश आहे. आज ‘पाखंडी’ म्हटले तर माणूस संतापतो. उलट दिशेचे उदाहरणही आहे. स्मृतिग्रंथांत ‘साहस’ हे बळजबरीने केलेल्या गुन्ह्यांच्या प्रकरणाचे नाव आहे, आणि आपण मात्र साहसी मुलांना पारितोषिके देतो. अक्षरे तीच आहेत, त्यांच्यावरचा रंग माणसांनी चढवला आणि माणसांनीच उतरवला.

शब्दालाच दोषी धरले की काय होते, तेही पाहिले पाहिजे. 1999 च्या जानेवारीत अमेरिकेच्या राजधानीत महापौरांच्या एका अधिकाऱ्याने अंदाजपत्रकाविषयी बोलताना ‘निगर्डली’ हा शब्द वापरला. त्याचा अर्थ ‘कंजूषपणाचा’ एवढाच आहे आणि तो शब्द स्कँडिनेव्हियन मुळाचा मानला जातो. कृष्णवर्णीयांसाठी वापरल्या जाणाऱ्या शिवीशी त्याचे कसलेही नाते नाही, केवळ ध्वनिसाम्य आहे. तरीही त्या अधिकाऱ्याला पद सोडावे लागले, आणि पुढे चूक लक्षात आल्यावर त्याला पुन्हा सेवेत बोलावण्यात आले. तेथे अपमानाचा हेतू नव्हता आणि शब्दाचा अर्थही अपमानाचा नव्हता. उरला तो नुसता आवाज, आणि आवाजावरून माणसाची उपजीविका जाऊ शकते हे मला भयंकर वाटते.

आपल्या साहित्यशास्त्रात याबाबत अधिक शहाणपण होते. अश्लीलता हा काव्यदोष मानणाऱ्या आणि ग्राम्य शब्दांविषयी कठोर असणाऱ्या परंपरेतच दंडी हा संस्कृत काव्यशास्त्रकार स्पष्टपणे म्हणतो की ‘भगिनी’, ‘भगवती’ असे शब्द सर्वत्र मान्यच आहेत. त्या शब्दांत कोणता अवयववाचक शब्द दडलेला आहे हे त्याला ठाऊक नव्हते थोडेच! कोशकाराने शिवी नोंदवली, साक्षीदाराने न्यायालयात ऐकलेली शिवी जशीच्या तशी सांगितली, किंवा अनुस्वार यांनी या प्रश्नात स्वतःचेच वाक्य उद्धृत केले, तर यांपैकी कोणीही अपमान केलेला नसतो. शब्द वापरणे आणि शब्दाचा उल्लेख करणे यांत भेद आहे, आणि तो भेद हेतूकडे पाहिल्याशिवाय करताच येत नाही. म्हणून माझे मत असे की अपमान हेतूनेच होतो. बाकी जे घडते त्याला गैरसमज म्हणावे, आणि गैरसमज दोन्ही बाजूंनी समजुतीने दूर करावा.

---

सावली

मी या विषयावर तात्त्विक काही लिहू शकत नाही. माझ्या बहिणीला बौद्धिक अक्षमता आहे, ती आता एकतीस वर्षांची आहे, आणि मी तिच्याबरोबर वाढले. अनुस्वार यांच्या सहकाऱ्यांना काय वाटले असेल हे मी थोडेफार सांगू शकते.

उंबरठा, आपण म्हणता की हेतू नसेल तर तो गैरसमज. पण अनुस्वार यांचे वाक्य ऐकताना त्या सहकाऱ्यांचा गैरसमज झाला असे मला दिसत नाही. त्यांना अगदी अचूक कळले की रोख मसुद्यावर आहे, आपल्या भावावर नाही. आणि तेच लागले. मसुदा किती वाईट आहे हे सांगायला एक माप हवे होते, आणि त्या मापाच्या जागी त्यांचा भाऊ ठेवला गेला. खोलीतल्या प्रत्येकाला ते वाक्य लगेच समजले, कोणालाही ‘म्हणजे काय’ असे विचारावे लागले नाही, कारण अशी माणसे सर्वांत खालच्या पायरीवर असतात हे सगळ्यांनी न बोलता मान्य केलेले होते.

माझ्या बहिणीला तोंडावर टोचून बोलणारी माणसेही भेटली आहेत. त्यांच्याशी भांडता येते, कारण त्यांना काय करायचे आहे ते दिसत असते. शाळेत असताना एक मुलगी तिच्या चालण्याची नक्कल करायची, तर मी तिच्याशी चांगलीच भांडले होते, आणि त्यानंतर ती गप्प झाली. परंतु जे लोक आमच्याशी प्रेमाने वागतात, आमच्या घरी येतात, तिची चौकशी करतात, आणि पाच मिनिटांनी तिसऱ्याच एका माणसाविषयी बोलताना तो शब्द सहज वापरून जातात, त्यांच्यापुढे काय करावे ते मला अजून कळलेले नाही. त्यांच्या मनात काही नसते हे मला माहीत आहे. मनात काही नसताना तो शब्द तोंडात तयार असतो, याचेच मला वाईट वाटते. हेतूने बोललेले शब्द त्या माणसाचे असतात. हेतूविना बोललेले सगळ्यांचे असतात, आणि सगळ्यांशी भांडायचे कसे?

एक गोष्ट मात्र नोंदवते. अनुस्वार यांचे सहकारी त्यांच्याशी स्वतःहून बोलायला आले. आम्ही बहुतेक वेळा असे बोलत नाही. समोरच्याला समजून घेण्याची शक्यता दिसली तरच आम्ही बोलायला जातो.

---

कंठस्थ

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. वरील चर्चेला पूरक म्हणून वैद्यकीय अनुभवातील दोन गोष्टी थोडक्यात सांगतो.

हेतूशिवाय उच्चारलेला शब्द ही कल्पनेतली गोष्ट नाही. टुरेट सिंड्रोम, म्हणजे हालचाली आणि आवाज आपोआप होण्याचा मज्जासंस्थेचा विकार, असलेल्या सुमारे दहा ते पंधरा टक्के व्यक्तींमध्ये अशी लक्षणे दिसतात की त्यांच्या तोंडून शिव्या किंवा निषिद्ध शब्द इच्छेविरुद्ध बाहेर पडतात. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या काही रुग्णांना स्वतःचे नाव सांगता येत नाही, पण शिवी मात्र स्पष्ट उच्चारता येते, कारण अशा आपोआप येणाऱ्या शब्दांची मेंदूतील वाट जुळवून बोलायच्या वाक्यांपेक्षा काही प्रमाणात वेगळी असते. या रुग्णांना आपण दोष देत नाही, देऊही नये. मात्र त्यांचे नातेवाईक मला सांगतात की आजाराची पूर्ण माहिती असूनही ते शब्द ऐकताना आत काहीतरी दचकते. दोष शून्य असतानाही शब्दाचा आघात शून्य होत नाही, एवढे यावरून म्हणता येते.

दुसरी गोष्ट, शब्दाचे बळ ऐकणाऱ्याच्या आयुष्यातून येते. मातृभाषा तुर्की असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांवर 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निषिद्ध शब्द आणि लहानपणी ऐकलेली रागावण्याची वाक्ये दोन्ही भाषांत ऐकवून त्वचेच्या विद्युत्-वाहकतेतील बदल मोजले गेले. मातृभाषेतील शब्दांना, आणि त्यातही रागावण्याच्या वाक्यांना, शरीराने दिलेली प्रतिक्रिया अधिक तीव्र होती. अर्थ दोन्ही भाषांत कळत होता. फरक होता तो त्या शब्दांबरोबर कोणते बालपण जोडलेले आहे याचा. सावली यांनी लिहिले ते मी याच्याशी जोडून वाचले.

---

अनुस्वार

सर्वांचे आभार. सावली, आपला प्रतिसाद मी तीनदा वाचला. ‘माप’ हा शब्द वाचल्यावर माझ्या वाक्यात काय घडले होते ते मला पहिल्यांदा नीट दिसले. मी त्या माणसांविषयी बोलत नव्हते असे मला वाटत होते, आणि खरे तर वाक्याचा सगळा डोलारा त्यांच्याविषयीच्या एका समजुतीवर उभा होता.

तरीही एक शंका राहतेच, आणि ती संपादक म्हणून मला रोज भेडसावते. जुना शब्द काढून आम्ही नवा घालतो, आणि काही वर्षांनी तोही टोचू लागतो. शब्दात दोष नसेल आणि तो लोकांच्या समजुतीत असेल, तर शब्द बदलत राहण्यात काय अर्थ आहे? आणि शब्दात दोष असेल, तर मुद्दाम आदराने घडवलेला नवा शब्द इतक्या लवकर का बिघडतो?

---

रानजाई

या शंकेचा इतिहास फार बोलका आहे आणि त्यातला बराच भाग नेमका याच शब्दांविषयीचा आहे, म्हणून तो येथे मांडते.

विसाव्या शतकाच्या आरंभी ‘इडियट’, ‘इंबेसाइल’ आणि ‘मोरॉन’ ही इंग्रजीतील शास्त्रीय वर्गवारी होती. मानसिक वय दोन वर्षांपर्यंत असेल तर पहिला गट, साधारण तीन ते सात असेल तर दुसरा, आठ ते बारा असेल तर तिसरा. यांतला ‘मोरॉन’ हा शब्द तर हेन्री गॉडर्ड या मानसशास्त्रज्ञाने 1910 मध्ये ग्रीक शब्दावरून मुद्दाम घडवला होता, म्हणजे त्याला लोकव्यवहारातला कोणताही मळ चिकटलेला नव्हता. काही दशकांत तिन्ही शब्द शिव्या झाले. त्यांच्या जागी आलेला ‘मेंटल रिटार्डेशन’ हा शब्दप्रयोग सौम्य मानला जात होता. अमेरिकेने 2010 मध्ये कायदा करून तो संघीय कायद्यांतून काढला आणि ‘बौद्धिक अक्षमता’ या अर्थाचा शब्द घातला. ब्रिटनमध्ये ‘स्पॅस्टिक’ हा स्नायूंच्या ताठरपणासाठीचा वैद्यकीय शब्द मुलांच्या चिडवण्यात इतका रुळला, की त्या नावाच्या सेवाभावी संस्थेला 1994 मध्ये स्वतःचे नाव बदलावे लागले. सर्वांत चटका लावणारे उदाहरण ‘क्रेटिन’ या शब्दाचे आहे. बहुतेक कोशकार त्याचे मूळ आल्प्सच्या परिसरातील फ्रेंच बोलीतील ‘ख्रिश्चन’ या अर्थाच्या शब्दात शोधतात. कंठग्रंथीच्या विकारामुळे वाढ खुंटलेली ही माणसेसुद्धा आपल्यासारखीच माणसे आहेत, हे सांगण्यासाठी तो शब्द योजला गेला असावा. त्याहून चांगला हेतू कोणता असणार? आणि तरीही तो शब्द शिवी झाला.

स्टीव्हन पिंकर या भाषाभ्यासकांनी 1994 मध्ये या प्रक्रियेला एक नाव दिले; आपण त्याला सौम्य शब्दांचे रहाटगाडगे म्हणू. गाडगे रिकामे वर येते, ज्या विहिरीत उतरते तिचेच पाणी भरून घेते. पाणी बदलले नाही तर गाडगे बदलून उपयोग नाही, हे खरेच आहे. पण यावरून शब्द बदलणे व्यर्थ आहे असे मी म्हणणार नाही. नवा शब्द काही वर्षे तरी माणसाला थबकायला लावतो. तो सवयीने तोंडात येत नाही, आठवून वापरावा लागतो, आणि त्या क्षणभरात आपण कोणाविषयी बोलत आहोत याचे भान येते. संपादक म्हणून आपण जुने शब्द काढून नवे घालण्याचे जे काम करता आहात, ते कमी मोलाचे मानू नका.

उंबरठा यांनी साहित्यशास्त्राचा आधार घेतला, तेव्हा त्याच शास्त्राचे दुसरे पान मी उघडते. मम्मट या काव्यशास्त्रकाराने आपल्या ‘काव्यप्रकाश’ ग्रंथाच्या तिसऱ्या उल्लासात, म्हणजे प्रकरणात, व्यंग्य म्हणजे सूचित अर्थ कशाकशामुळे कळतो याची मोजदाद केली आहे: बोलणारा कोण, ज्याला उद्देशून बोलले तो कोण, काकू म्हणजे आवाजाचा हेल कसा, वाक्य कोणते, जवळ तिसरे कोण उभे आहे, प्रसंग, स्थळ, काळ. या यादीत बोलणारा आहे, पण तो एकटा नाही. ‘अन्यसन्निधी’, म्हणजे तिसऱ्या माणसाची उपस्थिती, हाही अर्थ घडवणारा घटक आहे असे तो म्हणतो. काव्यात त्याला अभिप्रेत असलेले प्रसंग अर्थातच निराळे होते, परंतु त्या बैठकीत गप्प झालेले सहकारी मला या शब्दात दिसतात. वाक्य त्यांना उद्देशून नव्हते, आणि त्यांच्या तेथे असण्याने ते वेगळे झाले.

---

उंबरठा

मी माझ्या मताचा एक भाग मागे घेतो आणि एक भाग कायम ठेवतो.

मागे घेतो तो ‘गैरसमज’ हा शब्द. सावली यांनी जे दाखवले त्याला गैरसमज म्हणणे अन्यायाचे होते, आणि त्याबद्दल मी त्यांची क्षमा मागतो. मी हेतू हा शब्द फार अरुंद अर्थाने वापरत होतो, जणू दुखावण्याची इच्छा हाच एक हेतू असतो. ज्या गृहीतकावर आपण बोलतो ते तपासून न पाहणे, यालाही मनाची एक अवस्था म्हणावे लागेल, आणि तिची जबाबदारी बोलणाऱ्यावरच येते.

कायम ठेवतो ते असे. बोलणारा कोण यावर शब्दाचा अर्थ उलटू शकतो, आणि तेवढ्यापुरता तरी हेतू शब्दावर मात करतो. ज्यांना एखाद्या शब्दाने हिणवले गेले त्यांनीच तो उचलून स्वतःचे नाव म्हणून मिरवल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेतील आशियाई वंशाच्या कलाकारांच्या एका वाद्यवृंदाने त्यांच्याच समाजाला हिणवणारा ‘स्लँट्स’ हा शब्द नाव म्हणून घेतला. तो शब्द अवमानकारक आहे म्हणून सरकारी कार्यालयाने त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी नाकारली, आणि 2017 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने वाद्यवृंदाच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयासमोरचा प्रश्न अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा होता, शब्द निर्दोष आहे असे त्याने म्हटले नाही, हे मी जाणतो. पण केवळ शब्द पाहून नियम लावला की तो कोणावर जाऊन पडतो, हे त्यातून दिसते: ज्यांच्या रक्षणासाठी तो केला होता त्यांच्यावरच. शब्दांच्या याद्या करून बंदी घालण्याला माझा विरोध आहे तो एवढ्यासाठी.

आणि रानजाई, अर्थशास्त्रातील त्या प्रकरणात एक कलम आणखी आहे, जे आपण सांगितले नाही. आपल्याहून श्रेष्ठ व्यक्तीचा अपमान केला तर दंड दुप्पट आणि कनिष्ठाचा केला तर निम्मा. त्या काळच्या नियमाने दुर्बळाचे दुखणे स्वस्त मोजले आहे. आज आपण जे म्हणतो आहोत ते बरोबर त्याच्या उलट आहे, आणि ते उलट असणेच योग्य आहे असे मला वाटते. त्यामुळे तो दाखला पूर्ण आदर्श म्हणून घेता येणार नाही.

---

रानजाई

आपला आक्षेप योग्य आहे आणि ते कलम मी सांगायला हवे होते. निम्म्या दंडाचे तत्त्व मी घेते. माणसांची उतरंड त्या काळाबरोबर सोडून देते.

आपल्या दुसऱ्या मुद्द्यालाही माझा विरोध नाही, फक्त एक भर घालते. आपण शब्द उचलणाऱ्यांचे उदाहरण दिले, पण ते उचलणे परिणामकारक होते ते शब्दात अजून दंश आहे म्हणूनच. निर्विष शब्द अंगावर घेण्यात धैर्य लागत नाही. तेथेही शब्द आणि हेतू दोघेही हजर असतात, आणि दोघांची झटापट ऐकणाऱ्याला दिसत असते.

अनुस्वार यांच्यासाठी मला एवढेच म्हणायचे आहे की पहिल्या वेळी हेतू नव्हता हे पूर्णपणे खरे असू शकते. कोणी येऊन सांगितल्यानंतर मात्र तोच शब्द पुन्हा त्याच रीतीने वापरला, तर ‘हेतू नव्हता’ हे वाक्य पुन्हा म्हणता येत नाही, कारण आता माहिती आहे. सांगण्याने शब्द बदलत नाही, बोलणाऱ्याची स्थिती बदलते.

---

सावली

उंबरठा, क्षमेची गरज नव्हती, पण आपण मागितली याचे बरे वाटले. शब्दांच्या याद्या मलाही नकोत. माझी बहीण स्वतः तिच्या प्रमाणपत्रावरचा जुना शब्द वाचून दाखवते, तिला तो वाचता येतो याचा तिला अभिमान आहे, आणि मी तिला कधीही थांबवलेले नाही.

---

अनुस्वार

काल मी सहकाऱ्यांना भेटले. ‘माझा तसा हेतू नव्हता’ हे वाक्य या वेळी मी उच्चारले नाही, कारण ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते आणि त्यांनी त्यावर कधी शंकाही घेतली नव्हती. मी म्हणाले की मसुदा वाईट आहे हे सांगण्यासाठी मी तुमच्या भावासारख्या माणसांना मोजमाप म्हणून वापरले, ते चुकीचे होते, आणि ते बैठकीत सर्वांसमोर घडले म्हणून पुढच्या बैठकीत सर्वांसमोर मी तसे म्हणणार आहे. त्यांनी त्याला नको म्हटले. सर्वांसमोर पुन्हा तो विषय निघालेला त्यांना आवडणार नाही, आणि भावाविषयी तेथे कोणाला माहीत नाही ते तसेच राहावे, अशी त्यांची इच्छा होती. मी ती मानली. माझ्या मनाला हलके वाटावे म्हणून त्यांना पुन्हा उघडे पाडण्याचा अधिकार मला नव्हता, आणि हे मला तोपर्यंत सुचलेही नव्हते.

मग त्यांनी विचारले की तो मसुदा नेमका कशामुळे वाईट वाटला होता. मी सांगू लागले: परिच्छेदांचा क्रम चुकला होता, आकडे एका तक्त्यात एक आणि मजकुरात दुसरे होते, निष्कर्ष दुसऱ्या पानावरच आला होता आणि त्याची कारणे सातव्या पानावर. ते ऐकत होते आणि मध्येच म्हणाले, "हेच त्या दिवशी सांगितले असते, तर लिहिणाऱ्यालाही उपयोग झाला असता." आज सकाळी मी ते सगळे मुद्दे लिहून मसुदा लिहिणाऱ्या व्यक्तीकडे पाठवले आहेत.